एकविसावी वेल

"सोमवारी ट्रॅक्टर येतोय, दादा. ही ओळ उपटायची," मालकीणबाई म्हणाल्या. "वर्षभर कात्री लागली नाही हिला. असला पसारा ठेवून मी वाइन कशाची करू?"

छाटणीकर दादा मान खाली घालून उभे राहिले. बाकी सगळी बाग त्यांनी छाटली होती. ही शेवटची, एक्केचाळीस वेलींची जुनी ओळ तेवढी सोडली होती, आणि कारण सांगायला जीभ रेटेना.

या ओळीची द्राक्षं बारकी, जाड सालीची, खायला आंबट. पण तिच्या रसावाचून बाकीच्या पिंपांना चव येत नसे. ही ओळ दादा आणि त्यांची बायको मिळून छाटत. ते या टोकाकडून, ती त्या टोकाकडून. मधली एकविसावी वेल अर्धी-अर्धी. आधी पोचेल त्यानं खोडाला पाठ टेकून बसायचं. बसायची नेहमी तीच. "या, या! मुळं फुटली असती मला इथं," म्हणायची.

मागच्या हिवाळ्यात छाटणीच्या तोंडावर ती गेली. तिच्या जुन्या कापांवर आपली कात्री चालवायची, या विचारानंच दादांचे हात गळत.

"रविवारपर्यंत थांबा," ते कसंबसं म्हणाले.

"थांबते. मला काय उपटायची हौस आहे?"

शुक्रवारी सकाळी ते ओळीच्या पलीकडच्या टोकाला गेले. तिथल्या सात वेली छाटलेल्या होत्या. काप ताजे होते, त्यांतून पाणी ठिबकत होतं. आणि प्रत्येक काप उलट्या बाजूला उतरलेला. त्यांची बायको डावरी होती. अख्ख्या बागेत तसा काप दुसऱ्या कुणाचा नव्हता.

"बाबा, तुम्हीच छाटताय आणि विसरताय," घरी त्यांची मुलगी म्हणाली.

"डाव्या हातानं? मला त्या हातानं चमचा धरता येत नाही."

मुलीनं त्यांची कात्री कपाटात घालून किल्ली स्वतःजवळ ठेवली. मग स्वयंपाकघरातल्या खिळ्यावरची आईची कात्री काढून दाबून पाहिली. ती गंजून घट्ट बसली होती.

शनिवारी सकाळी दोघं बरोबर गेली. चौदा वेली झाल्या होत्या. मुलीनं दोनदा मोजल्या. मग किल्ली वडिलांच्या हातात ठेवली.

"ती मधल्या वेलीपर्यंत येईल," दादा म्हणाले. "मला या टोकाला लागायला हवं. नाहीतर ओळ अर्धी राहायची, आणि तिचं सगळं फुकट."

"नका ना, बाबा. मधे गाठ पडली तर?"

"तीस वर्षं पडतच होती की."

ते घरून आपली कात्री घेऊन आले आणि या टोकाच्या पहिल्या वेलीला लागले.

रविवारी दुपारी ते एकविसाव्या वेलीपाशी पोचले. पलीकडच्या वीसही वेली छाटून झाल्या होत्या. मधली मात्र तशीच होती. जन्मात पहिल्यांदा ते आधी आले होते. त्यांनी आपल्या बाजूची फांदी छाटली, कात्री मिटली आणि खोडाला पाठ टेकून बसले.

"या, या," ते हळूच म्हणाले. "मुळं फुटली असती मला इथं."

वारा नव्हता. मालकीणबाई ओळ बघत बघत आल्या. "झाली की! ट्रॅक्टर नको म्हणून सांगते. पण ही एक अर्धीच का सोडलीत?"

"तेवढी बाजू माझी नाही."

मालकीणबाई ट्रॅक्टरवाल्याला सांगायला निघून गेल्या. त्यांच्या पावलांचा आवाज विरला. दादा समोर बघत बसून राहिले.

थोड्या वेळानं त्यांच्या डाव्या खांद्यावर, तिच्या बाजूच्या फांदीवरून, पाण्याचा एक गार थेंब पडला. मग आणखी एक.

दादांनी मागं वळून पाहिलं नाही.

"सावकाश कर," ते म्हणाले. "घाई नाही."