तळ्याकाठचा तिरपा प्लॉट

बेहाला उपनगरातली शाळा पुन्हा बंद पडली होती, पण लीनाचं भूमितीचं वेड काही थांबलं नव्हतं. निर्देशकांवरून दोन बिंदूंमधलं अंतर काढायचं सूत्र तिला नुकतंच जमलं होतं आणि दिसेल त्या आकृतीला ती ते लावत सुटली होती. आज तिच्या हाती बाबांनी काढलेला जमिनीचा आलेख लागला.

बाबा, म्हणजे बँकेतले गुरुदत्त, आणि त्यांचे जिवलग दोस्त श्यामरावकाका यांनी मिळून तळ्याकाठी जमीन घेतली होती. बाबांनी त्या जमिनीचे दोन प्लॉट पाडले, प्रत्येक बाजू पन्नास फूट. दोन्ही सारखेच, म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. बाबांना चौरस आला, काकांना तळ्याकडचा तिरपा. उद्या रजिस्ट्री, आणि आत्ता काका समोर चहा पीत बसलेले.

लीनानं कोपऱ्यांचे निर्देशक मांडले. सगळ्या बाजू पन्नास. शाब्बास! मग सहज म्हणून लांब कर्ण काढला. चौरसाचा एकाहत्तरच्या आत, तिरप्याचा चक्क ऐंशी. पुन्हा मांडलं. तेच! मग क्षेत्रफळ काढलं. तिरपा शंभर चौरस फुटांनी कमी.

उद्यानंतर बोलून काय उपयोग होता?

“बाबा, हे दोन काँग्रुअंट नाहीत. एकावर एक ठेवले तर बसणार नाहीत.”

“चारही बाजू सारख्या आहेत की गं!”

“त्रिकोणाला तेवढं पुरतं. चौकोन बाजू न बदलता कलंडतो. कर्णही जुळायला हवा.”

“म्हणजे मास्तरीणबाई, माझा कलंडलाय?” काका हसले.

“हो. आणि लहानही झालाय.”

काकांनी कप खाली ठेवला. “गुरुदत्त, तुला ठाऊक होतं?”

“नाही रे. शपथ!”

“लीना, ह्याला ठाऊक नव्हतं, हे काढता येतं का गं तुझ्या सूत्रानं?”

लीनानं पेन्सिल खाली ठेवली.

“श्याम, चौरस तू घे,” बाबा म्हणाले.

“आता? पोरीनं पकडल्यावर?” काकांनी चपला पायात सरकवल्या.

बाबा अनवाणीच त्यांच्यामागे जिन्यापर्यंत धावले. “उद्या तुझ्याच नावावर करणार! ऐकतोयस ना?”

खाली फाटक वाजलं. बाबा परत आले, आलेखावर वाकले आणि पट्टीनं स्वतः कर्ण मोजू लागले.

“बरोबर आहे तुझं,” ते म्हणाले. पण मान वर केली नाही.