गाणं संपल्यानंतरचं

ब्लॉगवरचं ते गाणं कायमचं गेलं. असं काहीही झालेलं नाही असं समजून जिब्राननं बडनेऱ्यातल्या आपल्या दुकानाचं शटर वर केलं, काउंटर पुसला आणि मोबाइलवर आपला ब्लॉग उघडला. गाण्याच्या जागी राखाडी चौकोन होता. त्यानं मोबाइल बंद करून पुन्हा चालू केला. चौकोन होताच. मग त्यानं चौकोनावरूनही फडकं फिरवलं.

दुकान मूळचं त्याच्या अब्बांचं, गयासुद्दीन यांचं, कॅसेटचं. गिऱ्हाइकानं आवडीची गाणी सांगायची आणि गयासुद्दीननी ती कोऱ्या कॅसेटवर भरून द्यायची. जे जे भरलं, त्याची एक प्रत ते स्वतःकडे ठेवत. आता दुकानात मोबाइलची कव्हरं, चार्जर आणि स्क्रीनगार्ड विकले जात. अब्बा गेल्यावर जिब्राननं कपाट उघडलं आणि तो एकेक कॅसेट लावून ऐकत बसला. एखादं गाणं फारच आवडलं की तो बायकोला, गजालाला, हाक मारी. गजाला आठवडाभर आली. मग म्हणाली,

"सुनाने का इतनाच शौक है तो दुनिया को सुनाओ ना. मेरा कूकर है चूल्हे पे."

लोक गाण्यांचे ब्लॉग का काढतात यावर थोरामोठ्यांनी काय काय लिहिलं असेल ते असो. बडनेऱ्यापुरतं कारण कूकर हेच होतं.

दुनियेचाही कूकर चुलीवर होता. म्हणून जिब्राननं एक युक्ती काढली. स्क्रीनगार्ड लावता लावता तो गिऱ्हाइकाच्या मोबाइलमध्ये गुपचूप आपला ब्लॉग उघडून ठेवी. बहुतेक लोक घरी जाऊन तो बंद करत. जे गाणं गेलं, त्याखाली त्यानं लिहिलं होतं, 'गायिका : माहीत नाही. पण ऐकाच.'

दुपारी भातकुलीचे खुशालराव आले. धोतर, डोक्याला रुमाल, पायांत बूट. त्यांनी मोबाइल काउंटरवर ठेवला.

"हे बिघडलं."

जिब्राननं पाहिलं. तोच चौकोन.

"मोबाइल नाही बिघडला, काका. गाणं काढून टाकलं."

"कोनं?"

"कंपनीनं. म्हणते, गाणं आमचं हाय."

"मंग माह्या भैसीनं काय कराव?"

"भैस?"

"थे गाणं लावल्याबिगर पान्हावत नाही."

जिब्रानला आतून एकदम बरं वाटलं. आपल्या ब्लॉगवाचून कुणाचंतरी अडतंय, हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं. अडणारी म्हैस असली म्हणून काय झालं. त्यानं लगेच दुसरं गाणं लावलं. खुशालरावांनी मान हलवली. तिसरं लावलं, चौथं लावलं.

"नाही चालत तिले."

"अहो, तिले ऐकवून तं पाहा."

"तिचं नाही थे. तिले समजते."

गजाला डबा घेऊन आली होती. ती दाराशी उभी राहून ऐकत होती.

"चाचा, भैस का नाम क्या है?"

खुशालराव रस्त्याकडे पाहू लागले. एक ऑटो गेला, मग दुसरा गेला.

"गोदा," ते म्हणाले.

"गोदा तो औरतों का नाम होता."

"हाव."

त्यांनी काउंटरवरचा मोबाइल उचलून परत ठेवला. मग खुशालराव म्हणाले, "भैस इकून लय वर्सं झाले."

गजालानं डबा खाली ठेवला आणि त्यांच्याकडे स्टूल सरकवलं. ते बसले. लग्न नवं होतं, ते सांगू लागले. गोदाबाई दळण निवडता निवडता एक गाणं म्हणायची. ते कॅसेटवर भरून हवं म्हणून दोघं इथंच आली होती. गयासभाईंनी सगळं दुकान धुंडाळलं. ते गाणं कुठल्या सिनेमात नव्हतं, कुठल्या रेकॉर्डवर नव्हतं. शेवटी गयासभाईंनी माइक काढून बाईंसमोर धरला. "भाभी, तुम्हीच गाऊन द्या, मी भरतो."

"माह्यी कॅसेट डेकनं खाल्ली," खुशालराव म्हणाले. "ती गेली परसाली. तुह्या या ब्लॉगात सापडली मले. तुह्या बापाजवळची कॅसेट कुठी हाय?"

जिब्राननं चार्जरची एक गुंडाळी उचलली, सोडली, परत गुंडाळली.

"सगळं नेटवर टाकलं ना मी, काका. मंग काँप्युटर इकला. कॅसेटी वाटून टाकल्या."

"कोनाले?"

त्याला सांगायची गरज नव्हती. भातकुलीकडे ज्वारी हुरड्यात आली की शेतावरून कॅसेटची रीळ ताणून बांधतात. ती उन्हात चमकते, वाऱ्यात गुणगुणते आणि पाखरं येत नाहीत. जिब्राननं दुकानाबाहेर पाटी लावली होती, 'शेतकऱ्यांसाठी कॅसेट फुकट.'

"पोतंभर मीच नेल्या," खुशालराव म्हणाले.

"पाखरं आली का मंग?" जिब्राननं विचारलं. काहीतरी विचारणं भाग होतं.

"एक नाही आलं."

"अन् आता थे रिळं?"

"ज्वारी सोंगली तवा कचऱ्यासंगं पेटवून देल्ली."

गजालानं ग्लासात पाणी ओतलं. ते कुणीच घेतलं नाही.

गाणं काढताना कंपनीनं जिब्रानला जी नोटीस पाठवली होती, तीत मूळ कलाकार म्हणून अकोल्याच्या डीजे रोहितचं नाव होतं. जिब्राननं त्याला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"जिब्रानभाऊ!" रोहित खूश झाला. "तुमच्याच ब्लॉगातून तं उचललं म्या! खाली बीट टाकला, कंपनीनं घेतलं. अकोल्यात वरात हालत नाही त्याच्याबिगर."

"पहिलंवालं हाय का तुह्यापाशी?"

"नाई ना, बाप्पा. अन् मले बी वाजवू देऊन नाही राहिले थे. माह्यंच गाणं माह्याच चॅनलवरून उडवलं. मी चोर म्हणे!"

खुशालराव फोनवर वाकले.

"शेवटी ती बोलते, थे ठेवलं का, भाऊ?"

"शेवटचं? थे कापलं, काका. वरातीत बोलणं कोन ऐकते?"

"बराबर हाय," खुशालराव म्हणाले.

त्यांचं मन राखायला रोहितनं गाणं लावलं. फोन काउंटरवर थरथरायला लागला. ढोलांच्या खाली कुठंतरी एक बाई गात होती, विहिरीच्या तळाशी बसून गावं तशी. खुशालरावांचा उजवा बूट तालावर हलला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, तेव्हा तो थांबला.

हरकत घ्यायची सोय कंपनीनं ठेवली होती. गायिकेनं स्वतः कॅमेऱ्यासमोर येऊन आपलं नाव सांगायचं. गजालानं सगळं पान खालपर्यंत वाचलं.

"गुजर गई बोलने को जगहच नहीं है इस में."

नोटीस ज्या पत्त्यावरून आली होती, त्याखाली 'या पत्त्यावर उत्तर पाठवू नये' असं लिहिलं होतं. दुसरा पत्ता नव्हता. खुशालराव एके काळी ग्रामपंचायतीचे सदस्य होते. त्यांनी रुमाल काढून मांडीवर ठेवला, घसा साफ केला आणि म्हणाले, "लिही."

जिब्रान मोबाइलवर लिहू लागला.

"मा. व्यवस्थापक साहेब, यांचे सेवेशी. विषय : बोलणे परत मिळणेबाबत. महोदय, अर्ज करतो की, सदर गाणे आपलेच आहे, याबद्दल अर्जदाराची काही तक्रार नाही. लोक त्यावर नाचतात, नाचू द्यावे. परंतु गाणे संपल्यावर सदर बाई माइकसमोर, 'झालं काय? आता चाला, मले भूक लागून राहिली,' असे बोललेली आहे. हे बोलणे गाण्यात मोडत नाही, त्यास चाल नाही, व ते अर्जदाराखेरीज अन्य कोणास उद्देशून नाही. आपण ते वापरातही घेतलेले नाही. तरी आपले कार्यालयात ते कोठे पडून असल्यास शोध घेऊन अर्जदारास सुस्थितीत परत करण्यात यावे, ही नम्र विनंती."