माझ्या रेघा खोटे बोलल्या

मित्रांनो, मी शांपूची बाटली आहे आणि मला माणसांच्या हातांची भीती वाटते. माझ्या अंगाला आता भोके पडलेली आहेत. रोह्याजवळच्या निडी गावात, महिपती आणि शकू यांच्या परसात, गोठ्याच्या वाशाला मी तारेने टांगलेली असते. वारा आला की माझ्यातून बारीक शीळ वाजते आणि खाली बांधलेले वासरू दचकते. तसे दचकणे मला ओळखीचे आहे.

माझा जन्म जपानमधला. कारखान्यात माझ्या शेजारून कंडिशनरच्या बाटल्या जात. रंगाने, उंचीने हुबेहूब माझ्यासारख्या. फरक एवढाच, की त्यांचे अंग गुळगुळीत होते आणि माझ्या कुशीवर बोटाला लागतील अशा बारीक रेघा उठवलेल्या होत्या. डोळ्यांत फेस गेलेल्या माणसाला, किंवा ज्याला दिसतच नाही अशाला, नुसत्या स्पर्शाने मी कळावे म्हणून कोणीतरी हा विचार केला होता. त्या रेघा म्हणजे माझे नाव. ज्याचा हात लागेल त्याला मी सांगायचे, "घाबरू नकोस, मी शांपू आहे."

मला विकत घेतले प्रणिताने. प्रणिता ही महिपती आणि शकू यांची मुलगी. कोबे शहरात म्हाताऱ्या माणसांच्या निवासात ती देखभालीचे काम करते. नवीन होती तेव्हा तिला तिथली अक्षरे वाचता येत नसत, त्यामुळे ती सारखी धास्तावलेली असे. आजी-आजोबांना अंघोळ घालताना दोन सारख्या बाटल्या समोर आल्या की कोणती कशाची हे तिला कळत नसे आणि चुकून कोणाला इजा होईल म्हणून हात थरथरत. मोरिता नावाच्या एका आजींना दिसत नव्हते, पण हे थरथरणे त्यांना समजले. त्यांनी प्रणिताचे बोट धरून बाटलीच्या रेघांवर फिरवले आणि म्हणाल्या, "शांपू." हा शब्द तिला निडीपासून ठाऊक होता. ती हसली, आणि मग म्हणे तिला रडू आले. त्याच संध्याकाळी दुकानात फळीवर हात फिरवत फिरवत तिने मला शोधून काढले.

त्या दिवसापासून तिला शहर वेगळे दिसू लागले. केस पुसता पुसता ती आईला फोनवर सगळे सांगायची आणि मी ऐकायचे. दुधाच्या खोक्याला वरच्या कडेवर एक छोटी खाच असते, ज्यूसच्या खोक्याला नसते. पदपथावर पिवळ्या उंचवट्यांच्या फरश्या असतात, त्यांवरून काठी टेकत माणूस थेट स्टेशनात जातो. रस्ता ओलांडायची वेळ झाली की सिग्नलमधून पाखरू बोलल्यासारखा आवाज येतो. पलीकडून शकू फक्त हुंकार द्यायची. एकदा मात्र तिने विचारले, "तिकडे आंधळ्यांची एवढी काळजी कोण करतो गो?" प्रणिताचे केस पुसणे थांबले.

कारण शकूला काचबिंदू होता. उजवा डोळा गेलेलाच. डाव्याने नळीतून बघावे तेवढेच दिसायचे. एकदा तिने दातांना टूथपेस्ट समजून गुडघ्याचे मलम लावले होते आणि कोणाला कळू नये म्हणून दिवसभर तोंडाला पदर लावून बसली होती. हे प्रणिताला शेजारच्यांकडून कळले. पुढच्या सुट्टीत ती गावी आली तेव्हा सामानात मी होते आणि मला पुन्हा पुन्हा भरण्यासाठी शांपूच्या पिशव्या होत्या.

न्हाणीच्या फळीवर मला ठेवून प्रणिताने आईचे बोट माझ्या रेघांवर फिरवले, मोरिता आजींनी तिचे फिरवले होते तसेच. मग शकूने स्वतःच पुन्हा पुन्हा बोट फिरवून पाहिले. त्यानंतर तिने कोणाला हाक न मारता अंघोळ करायला सुरुवात केली. शेजारणी आल्या की मला बाहेर आणून दाखवायची, त्यांना डोळे मिटायला लावून ओळखायला सांगायची. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले तेच खरे सुखाचे दिवस. माझ्या रेघांवर एका बाईने स्वतःला सोपवले होते. एवढा विश्वास अंगावर असला की सुखातही थोडी भीती असतेच.

भात कापून झाले होते. वाल पेरायच्या आधी महिपतीला बांधांवरचे गवत मारायचे होते, म्हणून त्याने तणनाशकाचा डबा आणला. उरलेले थोडे शेजारच्या दाजींनी मागितले होते. नेमकी त्याच सुमारास मी रिकामी झाले होते. शकूने मला धुऊन पडवीच्या कठड्यावर उन्हात उलटी ठेवली होती. महिपतीला सांडणार नाही अशी, दाबायचे तोंड असलेली बाटली हाताशी दिसली. त्याने मला सरळ केले आणि ते विष माझ्यात ओतले.

मी काय सांगू तुम्हाला. ते पातळ होते, गार होते, वासही फारसा नव्हता. ते आत भरत असताना माझ्या कुशीवरच्या रेघा तशाच उठलेल्या होत्या. मी ओरडून सांगू शकत नव्हते. मला तोंड आहे, पण त्यातून जे भरले असेल तेच बाहेर येते.

महिपतीने मला पडवीच्या कोपऱ्यात, टोपल्यांमागे ठेवले. दाजी लगेच घेऊन जातील असे त्याला वाटले, म्हणून तो कोणाला काही बोलला नाही. पण दाजींना अचानक मुलीकडे पेणला जावे लागले आणि मी तिथेच राहिले. पाऊल वाजले की मी धास्तावायचे. मांजर जवळून गेले तरी मला वाटायचे, आता हात येणार.

हात आला तो शकूचाच. भाताची झोडणी चालली होती. भुशाने तिचे केस भरले होते आणि शिंकून शिंकून नाक चोंदले होते. दुपारी ती पडवी झाडत होती, तेव्हा केरसुणी मला लागली. तिने मला उचलले. अंगठा कुशीवर फिरला, रेघांवर थांबला. मी भरलेली आहे हे तिला वजनावरून कळले आणि तिचा चेहरा उजळला. नवऱ्याने आठवणीने पिशवी ओतून ठेवली असे तिला वाटले. स्वतःशीच म्हणाली, "भरून ठेवली व्हय."

पडवीपासून न्हाणीपर्यंतची ती वाट मी कधीही विसरणार नाही. तिने मला छातीशी धरले होते.

न्हाणीत तिने मला दाबले. हातावर पातळ पडले, तेव्हा ती थबकली. शांपू पुरवून वापरावा म्हणून महिपती कधीकधी पाणी घालायचा. तसेच असेल असे समजून तिने ते डोक्यावर चोळले. फेस आला नाही. तिने मला पुन्हा दाबले. मग ते कपाळावरून ओघळले आणि तिच्या डाव्या डोळ्यात गेले, त्याच एका डोळ्यात.

ती किंचाळली नाही. खाली बसली आणि तांब्या शोधू लागली. तांब्या हाताला लागून कलंडला आणि गडगडत दाराशी गेला. तो आवाज ऐकून महिपती काय झाले विचारत आला. दारातून त्याला आधी शकू दिसली आणि मग मी.  पुढच्याच क्षणी त्याने तिला उचलून परसातल्या नळाखाली नेले. धार तिच्या डोळ्यावर सोडली आणि बोटांनी पापणी उघडी धरून ठेवली. ती त्याला ढकलत होती, नखांनी ओरबाडत होती. त्याने पाणी थांबवले नाही. शेजारच्यांनी रिक्षा आणली तरी तो आणखी थोडे, आणखी थोडे करत राहिला.

रिक्षात बसताना त्याने घाईत मलाही उचलले. रोह्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मला हातात घेऊन फिरवून पाहिले. माझ्यावर जपानी अक्षरे आणि केसांचे चित्र. शकू खाटेवर पडल्या पडल्या सांगत होती, की लेकीने आणलेला शांपू आहे, जुना होऊन बिघडला असेल, तिला काही कळवू नका. डॉक्टरीणबाईंनी महिपतीला पुन्हा विचारले, यात नक्की काय आहे.

"तणनाशक हाय," महिपती म्हणाला. "मीच भरलं. तिला सांगितलं नाय."

 शकूने चेहरा भिंतीकडे वळवला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एवढा वेळ पाणी मारले म्हणून आशा आहे, पण पट्टी सुटल्याशिवाय काही सांगता येणार नाही. पट्टी असेपर्यंत त्या घरात चुलीचासुद्धा आवाज मोठा वाटायचा. महिपती जेवणाच्या ताटासमोर बसायचा आणि उठायचा. फोनवर प्रणिता एकच विचारायची, आई काय म्हणते. 

पट्टी सुटली. डोळा लाल होता, धूसर होता, पण होती तेवढी नजर राहिली. मला वाटले, संपले. पण मित्रांनो, खरी इजा तेव्हा कुठे दिसू लागली. शकू पाण्याच्या पेल्याला हात लावून विचारायची, "यात काय हाय?" मिठाचा डबा हुंगायची. न्हाणीत एकटी जाईना. तिची बरीचशी नजर आधीच गेली होती, आता बोटांवरचा भरवसाही गेला होता. तो मी घेतला होता, मी न केलेल्या गुन्ह्याने.

महिपतीने मला दूर खड्ड्यात रिकामे केले. कितीही धुतली तरी ही आता कशालाच नको, म्हणाला, आणि कोणी पुन्हा काही भरू नये म्हणून तापवलेल्या सळईने मला भोके पाडली. टाकून देणार होता. शकू म्हणाली, "टाकू नका. वर टांगा, तुमच्या नजरेला पडंल अशी. तिचा दोष नाय. पण माझा हात आता तिच्यावर बसायचा नाय." तेव्हापासून मी इथे आहे. माझ्या रेघा अजून तशाच आहेत. त्या वाचणारे कोणी नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या डब्या-बाटल्या मुक्या नसतात. ज्यांना दिसत नाही, जे घाईत आहेत, जे अजून वाचायला शिकलेले नाहीत, त्यांच्याशी त्या आपापल्या आकाराने बोलत असतात. पाण्याच्या बाटलीत रॉकेल, सरबताच्या बाटलीत फिनेल कधी ओतू नका. तुम्हाला लक्षात राहील हो. पण बाटलीला हात लावणारे तुम्हीच असाल असे नाही.

गेल्या महिन्यात प्रणिताने नवी बाटली पाठवली, माझ्याच जातीची. इथून मला न्हाणीचे दार दिसते. शकू दारात उभी राहते, नव्या बाटलीच्या रेघांवर बोट फिरवते आणि बाटली महिपतीपुढे धरते. विचारत काही नाही. महिपतीच्या डोक्यावर आता केस असे उरलेले नाहीत. तरी तो बाटली दाबतो, थेंब आपल्या टकलावर चोळतो, फेस कपाळावरून डोळ्यात उतरू देतो. डोळा चुरचुरतो, पाणी येते. तो मिटत नाही.

"शांपूच हाय गो," तो म्हणतो.

शकू त्याचा फेसाळलेला चेहरा हाताने चाचपून बघते. मग आपली ओंजळ पुढे करते.