कंपनीची चकाकी

आमच्या गावात बाईची पारख तिच्या भिंतीवरून होते. स्वयंपाकघराची खिडकी रस्त्याकडे, आणि समोरच्या भिंतीवर खिळ्यांना टांगलेली ॲल्युमिनियमची पातेली. राखेचा साबण, नदीची बारीक वाळू आणि तारेची घासणी घेऊन दर शनिवारी ती घासायची, बुडात तोंड दिसेपर्यंत. ज्या घरची पातेली काळवंडली त्या घरात आजारपण आहे नाहीतर आळस, असं लोक खुशाल धरून चालतात. माझ्या आईच्या, डोना अल्झिराच्या खिडकीपाशी तर येणाऱ्याजाणाऱ्या बायका थांबून केस नीट करून घ्यायच्या.

पण तिचं मनगट सुजायला लागलं. डॉक्टरांनी बजावलं, घासणं बंद करा, नाहीतर मूठ मिटायची नाही. आईने मान डोलावली आणि शनिवारी वाळू चाळायला बसली. आमच्या मिनास राज्यातल्या बायका हट्टी, असं सगळं ब्राझील म्हणतं ते उगाच नाही. मला असा संताप आला! उद्या चमचा धरता येईना झाला तर हिला भरवणार कोण, पातेली?

मी शहरात स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात आहे. आमच्याकडची जाड बुडाची पातेली विकत घेतली आणि घरी घेऊन गेले. म्हटलं, "याला साबणाचं पाणी आणि मऊ फडकं, बस. तुझ्या हाताला सुट्टी." तिने एकात आपला चेहरा पाहिला.

"कंपनीचं दिसतंय," एवढंच म्हणाली.

जूनमध्ये संत जुआंवच्या सणाला परत गेले तर माझी पातेली भिंतीवर होती, पण राखेच्या रंगाची. अंगभर बारीक ओरखडे. आणि आईच्या मनगटाला फडकं बांधलेलं.

"निल्सा, फसवलं गं त्यांनी तुला," ती हळूच म्हणाली, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून. "जितकं घासावं तितकं मंद होतंय. वाळू बदलली, लिंबू लावून पाहिलं. हलका माल आहे."

"अगं, घासायचंच नव्हतं! काय सांगितलं होतं मी?"

"मग शनिवारी मी करू काय? हात मांडीवर ठेवून बसू? आयतं चकाकणारं भांडं, त्याचं कौतुक कसलं? ती चकाकी कंपनीची. माझ्या भिंतीवर कंपनीचं काय काम?"

माझं डोकंच फिरलं. "आयतं? पॉलिशच्या चाकापुढे दिवसभर कोण उभं असतं? दोन्ही हातांनी पातेलं दाबून धरायचं, फिरवत राहायचं. संध्याकाळी नाक शिंकरलं तर काळं येतं. तुझी ती कंपनी म्हणजे मीच आहे, आई!"

तिला आजवर वाटत होतं, मी तिथे खोकी भरते.

"मशीन करतं ना सगळं?"

"मशीन नुसतं चाक फिरवतं. घासते मी."

तिने माझा हात ओढून घेतला, तळव्यावरचे घट्टे अंगठ्याने चाचपले. तसेच तिच्याही तळव्यावर होते. मग उठून एक पातेलं खाली उतरवलं आणि मांडीवर घेतलं.

"हे तू घासलं होतंस," ती म्हणाली, "आणि मी त्याच्यावर वाळू फिरवली." तिचे डोळे भरून आले. माझा राग कुठल्या कुठे गेला, मलाही रडू आलं.

"पहिल्यासारखं होईल का गं?"

"होईल की. चाकावर धरावं लागेल."

मुकादमाच्या विनवण्या करून जेवणाच्या सुट्टीत मी सगळी पातेली पुन्हा चाकावर धरली. ती घरी आणून टांगली तो शनिवारच होता. थोड्या वेळाने खिडकीत झुरेमा येऊन उभी राहिली. ही आमची शेजारीण, घासण्यात आईशी कायमची चुरस. आईने जुनी ॲल्युमिनियमची पातेली तिलाच देऊन टाकली होती, तरी तिची नजर आपली आमच्या भिंतीवर.

"अल्झिरा, अगं लावतेस तरी काय?" ती म्हणाली. "दुखऱ्या हाताने एवढी चकाकी?"

आई चुलीपाशी कॉफी घेत बसली होती. दुखरा हात मांडीवर नुसता ठेवलेला.

"मी कुठे हात लावते आता?" ती म्हणाली. "माझी लेक घासते."