कोळेकर मॅडमचा आवाज

बायकांनी आपला आवाज मीटिंगआधी टेलरकडून मापात करून घ्यायचा, हा बांधकाम खात्याच्या त्या कचेरीतला जुनाच नियम. खटावकर टेलरांचं मशीन हॉलच्या दाराशी असे. इंजिनियर वैजयंता कोळेकर आवाज गळ्यातून काढून त्यांच्या हातात देई, ते टेप लावत. पुरुषांचे आवाज जसेच्या तसे आत जात. जाधवांचा तर इतका ढगळ की चार खुर्च्यांवर लोळे. त्याला भारदस्त म्हणत.

त्या दिवशी तिला एवढंच सांगायचं होतं: हॉलचा स्लॅब खाली येतोय, सगळे बाहेर चला. कालपासून तो हातभर उतरला होता. तिने स्वतः दोनदा मोजलं होतं. तिने ते सांगितलं.

"केवढा चढा आवाज, कोळेकर मॅडम!" देवरुखकर साहेब म्हणाले. "भांडायला आलात का?"

टेलरांनी वरची पट्टी कापली. तोवर पंख्याचं पातं साहेबांच्या टकलाला टेकलं. साहेबांनी तो बंद करायला सांगितला.

तिने पुन्हा सांगितलं.

"आता ऐकूच येत नाही. जरा आत्मविश्वास ठेवा की!"

"आत थोडं कापड सोडा हो, काका," ती टेलरांना म्हणाली. "पुढं उसवता येईल."

"वरून ऑर्डर आहे, ताई. जादा काही सोडायचं नाही." त्यांनी अस्तर लावलं आणि बाजू कापल्या.

कातरणं जमिनीवर पडली तरी बोलत राहिली. झाडायला आलेल्या चंद्राबाईंनी ती पदरात भरली, कान लावला आणि "अगं बाई!" म्हणून ज्या सुटल्या, त्या खालच्या टायपिस्ट मुलींना घेऊनच बाहेर पडल्या. वैजयंताला वाटलं, आपणही जावं. पण आत अकरा माणसं होती आणि तिचा पाय निघेना.

आता सगळे मान वाकडी करून बसले होते. तिने तिसऱ्यांदा सांगितलं.

"फार कोरडं बोलता बुवा," साहेब म्हणाले. "हसून सांगा. घरात नाही का सांगत?"

तिला संताप आला, पाठोपाठ रडूही आलं. टेलरांनी दोन्ही कापून काढलं आणि कडेला झालर लावली. उरलेला आवाज बाहुलीच्या झंपराएवढा होता. तो घालून ती चौथ्यांदा बोलली.

"आता कसं!" टेबलाला गाल टेकवून साहेब म्हणाले. "हेच असं गोड सांगितलं असतंत, तर सकाळीच ऐकलं असतं."

बाहेर चिंचेखालून चंद्राबाईंच्या पदरातली कातरणं ओरडत होती, "बाहेर या! अहो, बाहेर या!" तो वैजयंताचा आवाज होता, सकाळचा, अख्खा.

"कोण बाई ओरडतेय? खिडकी लावा," साहेब म्हणाले. जाधवांनी खिडकी लावली. लावण्यासारखी ती चार बोटंच उरली होती.

"हं. मॅडमचं म्हणणं, बाहेर जावं. मला तर पटलंय. पण रीतसर होऊ दे. मंजूर असेल त्यांनी हात वर करा."

सगळ्यांनी हात उचलले. बोटं लगेच स्लॅबला लागली आणि दुमडली. वैजयंताने आपला हात तिरका करून पाहिला, तोही जाईना.

साहेबांनी पडल्या पडल्या डोळे फिरवून मोजलं.

"एकही नाही," ते म्हणाले. "लिहून घ्या, जाधव."