काचेपलीकडची ताई

बाबांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानावरून ताई आणि मी कोर्टात गेलो, तेव्हा दोघींचीही साठी उलटली होती. तिला दुकान विकायचं होतं. मला ते होतं तसंच, कुलपात का होईना, पण हवं होतं.

त्याआधी कित्येक वर्षं आम्ही रोज संध्याकाळी कोर्टाची मालिका एकत्र बघायचो. ती तिच्या घरी, मी माझ्या, फोन कानाला लावून. "बघ हं, आता कागद फाडणार," ती म्हणायची, आणि वकील खरंच फाडायचा. भांडणानंतर मालिकेच्या वेळी फोन मुका राहू लागला.

न्यायाधीशांनी आम्हाला मध्यस्थीला पाठवलं. मी ठेवणीतले कपडे घालून गेले. टेबलावर हात आपटायची घरी तालीमही केली होती. मालिकेत तडजोड तशीच तर होते: लांबलचक टेबल, समोरासमोर वैरी, एकाचा भडका, की लगेच सह्या.

इथे मला एका खोलीत बसवलं, ताईला शेजारच्या. मध्ये दुधी काच. पलीकडे तिची सावली पाण्याखालच्यासारखी हलत होती. मध्यस्थ बाई दोन्हीकडे हेलपाटे घालत होत्या. ऊन टेबलावरून हळूहळू जमिनीवर उतरलं. मला वाटलं, आपण लहान आहोत, बाबांच्या दुकानात बसलोय, भिंतीवरची घड्याळं आपापली वेळ दाखवतायत आणि कुणालाच घाई नाही.

शेवटी न राहवून विचारलं, "अहो बाई, समोरासमोर कधी आणणार? मला टेबल आपटायचंय."

त्यांना हसू आवरेना. "मावशी, तुमच्या ताईंनी सांगायची परवानगी दिलीय म्हणून सांगते. त्यांनी आल्याआल्या फाडायला कागद मागितला."

मी खो खो हसले. सावली थबकली. काचेवर टकटक झाली.

"चिमणे, पुरे. ठसका लागेल."

"लागू दे! तू दुकान विकतेस ना?"

"कुलपात गंजवण्यापेक्षा बरं."

"मग भाड्यानं देऊ. पण बाबांचं खिडकीपाशचं टेबल हलवायचं नाही."

सावली काचेला टेकली.

"नाही हलवणार," ताई म्हणाली. "आणि मालिकेच्या वेळी फोन तू करायचास. मी नाही करणार."

मध्यस्थ बाई दारात उभ्या राहून लिहून घेत होत्या. हेही लिहायचं का, असं त्यांनी डोळ्यांनीच विचारलं. मी मान डोलावली.

संध्याकाळी फोन केला. पडद्यावर एक वकील टेबल आपटत होता.

"कायतरीच," ताई म्हणाली. "यांना कुणी ताटकळत बसवलंच नाही."

जाहिराती लागल्या. फोन कुणीच ठेवला नाही.