लाल दोऱ्याची कढई

भिंगरीचा स्टॉल अख्ख्या फूड हॉलमध्ये सगळ्यात स्वस्त, आणि तो चालला त्यात माझ्या जिभेचा मोठा वाटा होता, हे आधीच कबूल करते. हॉलच्या दुसऱ्या टोकाला माझं शिलाई मशीन आहे. पँट आखूड करा, चेन बदला, असली कामं. चेन बदलेपर्यंत माणूस उभा राहतो आणि उभ्या माणसाला भूक लागते. चार वर्षं मी अशा प्रत्येकाला तिच्याकडे पिटाळत होते. "डोळे मिटून खा," सांगायचे.

भिंगरी माझी शाळेपासूनची मैत्रीण. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून भिंगरी. मला ती सुई म्हणते, अंगानेही आणि तोंडानेही. तिच्या स्टॉलवरचा कापडी फलक मीच शिवला. 'दूध नाही, लोणी नाही, अंडं नाही.' लाल कापडाचं एकेक अक्षर कापून, लाल दोऱ्याने दुहेरी टाके घालून. मी स्टुलावर चढून तो टांगला तेव्हा तिने खालून स्टूल धरलं होतं आणि माझ्या वजनावरून फालतू विनोद केले होते.

अशा खाण्याला हल्ली व्हीगन म्हणतात, पोरं त्याचे फोटो काढतात. मला त्या फॅशनशी काही देणंघेणं नव्हतं. मला दूध चालत नाही. पोट बिघडतं अशातलं नाही, घसा सुजतो आणि श्वास अडकतो. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात, मी तर पाण्याचासुद्धा वास घेऊन पिणारी. त्या फलकाखाली मी जन्मात पहिल्यांदा परक्या चुलीवरचं न घाबरता जेवले.

शेगडीवर तीन कढया असायच्या, तिन्हींत नारळाच्या दुधातला भोपळ्याचा तोच पिवळा रस्सा. फलकाचा उरलेला दोरा भिंगरीने पुढे काही महिन्यांनी मागून घेतला आणि कडेच्या कढईच्या कानाला बांधला. "ही तुझी," ती म्हणाली. "बाकीच्यांत तिखट जास्त असतं, तुला सोसायचं नाही." मी काय सांगू, मला अगदी जावयासारखं वाटलं. चार माणसांत मिरवले मी त्या कढईवरून.

शेजारचा ज्यूसवाला एकदा मला म्हणाला होता, "नारळाचं दूध केवढ्याला झालंय माहीत आहे का? हिला या भावात परवडतं कसं?" मी त्याला म्हटलं, तिच्या हाताला बरकत आहे, तुमच्या का पोटात दुखतंय? तो गप्प बसला. मी माणसांना गप्प बसवण्यात पटाईत आहे.

मागच्या महिन्यात धाकट्या बहिणीची मुलगी नोकरीसाठी माझ्याकडे राहायला आली. दुधाचं दुखणं तिलाही आहे, आमच्या घराण्याचा वारसाच तो. बहिणीने फोनवर दहादा बजावलं, "ताई, तिच्या खाण्याकडे बघ." मी म्हटलं, तू निर्धास्त राहा, भिंगरी आहे ना.

मंगळवारी माझ्याकडे एका हॉटेलच्या गणवेशांचं काम आलं होतं, मान वर करायला फुरसत नव्हती. मी पोरीला एकटीलाच भिंगरीकडे पाठवलं, दोघींची अजून गाठ पडली नव्हती. वीस मिनिटांनी ज्यूसवाला पळत आला. पोर बाकावर पडली होती, ओठ सुजून टम्म झालेले, छाती भात्यासारखी वर-खाली होत होती. दवाखान्यात इंजेक्शन दिलं, नळी लावली, संध्याकाळी ती बोलायला लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दूध पोटात गेलंय."

आणि मी काय केलं? पोरीलाच झापलं. चॉकलेट खाल्लंस का, मैत्रिणीकडचा केक खाल्लास का, खरं सांग. तिला धड बोलता येत नव्हतं तरी मी विचारत राहिले. शेवटी ती म्हणाली, "मावशी, फक्त रस्सा-भात खाल्ला. तू सांगितलंस म्हणून मी तिथे काही विचारलंसुद्धा नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्टॉलवर गेले. भांडायला गेले नव्हते, देवाशपथ. भिंगरीला आधार द्यायला गेले होते. कुठल्या तरी मसाल्यात भेसळ असेल, बिचारी घाबरली असेल, असं माझ्या मनात. समोर रांग होती. मी बाजूने आत शिरले आणि काल काय झालं ते तिला हळूच सांगितलं.

तिचा चेहरा पांढराफटक पडला. "ती तुझी भाची होती?" ती म्हणाली. "अगं, मग सांगायचं ना तिने. मी लाल दोऱ्याच्या कढईतलं दिलं असतं."

माझी नजर त्या दोऱ्यावर गेली. मग एकेक टाका उसवत गेला. तिखटाचं कौतुक, स्वस्ताईची बरकत, सगळं.

"काय असतं त्या दोन कढयांत?" मी विचारलं.

"दुधाची पावडर," ती पुटपुटली. "नारळाचं परवडेना गं. पहिल्या वर्षातच. पण तुझ्या कढईत कधी कणभरही नाही घातली. तुझा डाव वेगळा, झारा वेगळा. तुझ्यासाठी रोज वेगळं रांधलं मी, सुई."

तिला वाटत होतं हे ऐकून मी विरघळेन. ते खरं होतं, हेच तर वाईट. चार वर्षं तिने माझा जीव जपला आणि माझ्या तोंडाने बाकी सगळ्यांना फसवलं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच असावं.

मी तिथलंच एक ताट उचलून पुढे केलं. "मधल्या कढईतलं वाढ."

"वेडी आहेस का?"

"का? फलकावर लिहिलंय ना. मीच लिहिलंय."

तिने डाव उचलला, मधल्या कढईपर्यंत नेला आणि हात तिथेच थांबला. रांगेतल्या पहिल्या बाई बघत होत्या. "काय झालं? त्यांना का वाढत नाही?" त्यांनी विचारलं. भिंगरीने डाव खाली ठेवला आणि पदराने डोळे पुसले. त्या बाईंनी आपल्या हातातल्या रिकाम्या ताटाकडे पाहिलं, मग ते काउंटरवर ठेवून दिलं. त्यांच्या मागच्यानेही ठेवलं.

मी ज्यूसवाल्याचं स्टूल ओढलं, वर चढले आणि खिशातल्या लहान कात्रीने फलकावरच्या 'दूध'पुढचा 'नाही' उसवायला घेतला. माझेच दुहेरी टाके, लवकर सुटेनात. डोळ्यांत पाणी आल्यामुळे दोराही नीट दिसत नव्हता. स्टूल हलत होतं, मग एकदम हलायचं थांबलं. खाली बघितलं तर भिंगरीने ते दोन्ही हातांनी धरलं होतं.

"सोड," मी म्हटलं.

"पडशील," ती म्हणाली, आणि मी शेवटचा टाका कापेपर्यंत तिने स्टूल सोडलं नाही.